हृदयातले छिद्र आणि अठराव्या वर्षाची रेघ

लातूरहून नांदेडकडे निघाले की पस्तीसेक किलोमीटरवर चाकूर लागते. तालुक्याचे ठिकाण, गावात ग्रामीण रुग्णालय, मागे लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पुढे नांदेडचे, आणि एका अंगाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय. नकाशावर पाहिले तर आरोग्याच्या बाबतीत हा तालुका एकटा पडलेला म्हणता येणार नाही. तरीही इथल्या पस्तिशीतल्या एखाद्या बाईला डोक्यावर घागर घेऊन चढ चढताना पूर्वी लागत नव्हता एवढा दम लागू लागला, तर तिच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून छिद्र असेल, ही शंका कुणाच्या मनात येण्याचा संभव फार थोडा. ‘रक्त कमी आहे’ असे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. जिथे निम्म्याहून जास्त बायकांना एकच आजार आहे, तिथे दुसरा आजार त्याच्या आड सहज लपतो. या लेखाचे म्हणणे त्या लपलेल्या आजाराबद्दल आहे. प्रौढ माणसाच्या हृदयातले जन्मजात छिद्र छाती न उघडता बुजवणे आज अवघड राहिलेले नाही. ते सापडणे अवघड आहे. आपली सरकारी शोधमोहीम अठराव्या वर्षाशी रेघ ओढून थांबते, आणि ती रेघ पुढे सरकवायला फार मोठा खर्च लागत नाही.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक पातळ पडदा असतो. गर्भात त्याला वाट असते, जन्मानंतर ती मिटते. काहींच्या पडद्यात मात्र जागाच उरते. डॉक्टर तिला एएसडी म्हणतात, लोक ‘हृदयाला छिद्र’ म्हणतात. डाव्या कप्प्यातला दाब उजव्यापेक्षा किंचित जास्त असल्यामुळे फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेले रक्त शरीराकडे जाण्याऐवजी त्या वाटेने पुन्हा उजवीकडे, आणि तिथून पुन्हा फुप्फुसात जाते. मूल निळे पडत नाही, कारण शरीराला मिळणारे रक्त शुद्धच असते. ते खेळते, शाळेत जाते, थोडे जास्त दमते इतकेच. उजवा भाग मात्र दर ठोक्याला जादा रक्त ओढत राहतो आणि वर्षानुवर्षे फुगत जातो. चाळिशीच्या आसपास यात भर पडते. रक्तदाब आणि मधुमेहाने डावा खालचा कप्पा ताठर होऊ लागतो, त्यात रक्त शिरायला अडचण होते, म्हणून छिद्रातून उजवीकडे जाणारा लोंढा वाढतो. छिद्र जन्मापासूनचेच, पण त्रास आत्ताच का सुरू झाला, याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते. मग धाप, छातीत धडधड, पायांवर सूज. वरचा कप्पा ताणला गेला की ठोके अनियमित होतात, आणि त्या अनियमिततेतून रक्ताची गुठळी होऊन अर्धांगाचा झटका येऊ शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा दोष सुमारे दुप्पट आढळतो, हे इथे मुद्दाम सांगायला हवे, कारण घरात दम लागल्याची तक्रार सर्वांत उशिरा ऐकली जाते ती बाईची.

आता तो ऐकू कसा येतो ते पाहू. हृदयाचा आवाज ‘लब-डब’ असा असतो, त्यातला दुसरा ठोका दोन झडपा मिटल्याचा. निरोगी माणसाने श्वास आत घेतला की हा दुसरा ठोका दोन तुकड्यांत फुटल्यासारखा ऐकू येतो, श्वास सोडला की दोन्ही तुकडे पुन्हा एक होतात. छिद्र असलेल्या माणसात मात्र श्वास घेतला काय किंवा सोडला काय, दोन तुकड्यांतले अंतर हलत नाही. छातीच्या डाव्या बाजूला, दुसऱ्या बरगडीखाली, शांत खोलीत, रुग्णाला सावकाश श्वास घ्यायला लावून मिनिटभर ऐकले तर हे कळते. सोबत एक हलकी फुर्रफुर्र असते. ती छिद्रातून येत नाही. जादा रक्त फुप्फुसाच्या झडपेतून जाताना ती उठते, म्हणून ती मोठी नसते. अडचण अशी, की रक्तक्षय झालेल्या बाईच्या छातीतही पातळ, वेगाने धावणाऱ्या रक्तामुळे अशीच फुर्रफुर्र ऐकू येऊ शकते. म्हणजे डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला, आवाज ऐकला, तरी तो रक्तक्षयाच्या खात्यावर जमा होऊ शकतो. बाह्यरुग्ण विभागात समोर रांग आणि बाहेर गलका असताना त्या डॉक्टरला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दोष पद्धतीत आहे. रक्त वाढल्यावर तो आवाज गेला का, हे पुन्हा ऐकण्याची तारीख कागदावर कुणी लिहीत नाही.

ज्या पडद्याची ही गोष्ट आहे, त्याच पडद्यावर उघड्या हृदयशस्त्रक्रियेचा जन्म झाला. 2 सप्टेंबर 1952 रोजी अमेरिकेत मिनियापोलिसला एफ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून असे छिद्र शिवले. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून अठरा वर्षांच्या मुलीचे छिद्र बंद केले. त्या यंत्रावरची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. पुढे ही शस्त्रक्रिया जगभर रुळली आणि अतिशय सुरक्षित झाली. पण छातीचे हाड कापावे लागे, आणि व्रण आयुष्यभर राही. आपल्याकडे मुलीच्या छातीवरचा तो व्रण स्थळ पाहताना अडचणीचा होतो म्हणून शस्त्रक्रियाच टाळली जाते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. व्रणाची ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यापायी उपचाराची योग्य वर्षे निघून जातात.

छाती न उघडता हे काम करण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न 1975 चा. न्यू ऑर्लिन्सला टेरी किंग आणि नोएल मिल्स यांनी सतरा वर्षांच्या मुलीच्या हृदयात नळीवाटे झाकण बसवले. साधन जाडजूड होते, म्हणून ते सर्रास झाले नाही. वाट मोकळी झाली ती 1990 च्या दशकात, मिनेसोटातल्या कुर्ट अम्प्लाट्झ यांनी निटिनॉलच्या तारांची जाळी वापरली तेव्हा. निटिनॉल हा निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू. ताणून सरळ केला तरी सोडला की तो आपला मूळ आकार पुन्हा घेतो. या जाळीपासून दोन चकत्या आणि त्यांना जोडणारी आखूड कंबर असे साधन होते, आकाराने बरेचसे डमरूसारखे. आपल्याकडच्या बोलण्यात त्याला छत्रीच म्हणतात. जांघेतल्या शिरेला सुई टोचून नळी आत जाते, पोटातल्या मोठ्या शिरेतून उजव्या कप्प्यात आणि तिथून छिद्रातून पलीकडे. नळीत छत्री मिटून, बारीक होऊन बसलेली असते. पलीकडे गेल्यावर डावी चकती उघडायची, हलकेच मागे ओढून पडद्याला टेकवायची, मग कंबर छिद्रात आणि उजवी चकती अलीकडे. दोन्ही चकत्या पडद्याला चिमटीत धरतात. इथे डॉक्टर तार थोडी पुढे-मागे हलवून पकड पाहतो. पकड सैल वाटली तर छत्री परत मिटून बाहेर काढता येते, कारण तोवर ती तारेला स्क्रूने जोडलेलीच असते. खात्री झाल्यावरच स्क्रू सुटतो. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. काही महिन्यांत हृदयाचे स्वतःचे अस्तर त्या जाळीवर चढते, आणि तोवर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हे साधन डिसेंबर 2001 मध्ये मान्य केले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत छत्री बसवलेल्या 442 आणि शस्त्रक्रिया झालेल्या 154 रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे 7.2 आणि 24 टक्के होते. रुग्णालयातला मुक्काम सरासरी एका दिवसाचा, शस्त्रक्रियेनंतरचा 3.4 दिवसांचा. त्यात मुले बरीच होती हे खरे, पण पुढे प्रौढांतही छत्री हाच पहिला पर्याय मानला गेला.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. तीस-चाळीस वर्षे ज्या छिद्रासह माणूस जगला, त्याला आता हात कशाला लावायचा? याचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने दिले. 1956 ते 1960 या काळात शस्त्रक्रिया झालेल्या 123 रुग्णांचा त्यांनी 27 ते 32 वर्षे पाठपुरावा केला आणि 1990 मध्ये निष्कर्ष मांडले. पंचविशीच्या आत छिद्र बंद झालेले लोक इतरांइतकेच जगले. त्यापुढच्या वयात बंद झालेल्यांचे आयुष्य इतरांपेक्षा कमी भरले, आणि चाळिशी ओलांडलेल्यांत हा फरक मोठा होता. म्हणजे ‘काही त्रास नाही’ ही वर्षेच खरी संधीची वर्षे. मग चाळिशीनंतर उपयोग नाही का? तसेही नाही. मेक्सिको सिटीत चाळिशीपुढच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेचा गट केवळ औषधांवर ठेवलेल्या गटापेक्षा सरस ठरला. 2011 मध्ये युरोपात 236 प्रौढांचा अभ्यास झाला, त्यातही नळीवाटे छिद्र बुजवल्यावर सर्व वयोगटांत दम कमी झालेला दिसला. फक्त जितके लवकर, तितका फायदा जास्त. औषधाने छिद्र बुजत नाही, हेही याच ओघात सांगायला हवे. चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथजवळ वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेले संजीवनी बेट आहे, आणि पाल्यावरचा विश्वास इथल्या मातीत रुजलेला आहे. त्या विश्वासाचा अनादर न करता सांगावे लागते, की जिथे पडदाच नाही तिथे पाला किंवा गोळी, कुठलेही औषध नवा पडदा विणू शकत नाही.

आता त्या रेघेकडे वळू. फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात महाराष्ट्रातूनच, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहून झाली. गाडीतून फिरणारी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलांना तपासतात, आणि जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत ठळकपणे आहे. या कार्यक्रमाने हजारो घरांना आधार दिला आहे. पण तो जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतचा आहे. 2013 मध्ये जे अठरा ओलांडून गेले होते, ते आज तिशीत किंवा त्यापुढे आहेत, आणि या पथकांचा स्टेथोस्कोप त्यांच्या छातीला कधीच लागलेला नाही. दहावीनंतर शाळा सुटलेल्या, विशीच्या आत लग्न झालेल्या मुलीची तर शाळेबरोबर तपासणीही सुटते. तिशीपुढे दुसरा सरकारी कार्यक्रम सुरू होतो, पण तो रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगाचा. अठरा ते तीस ही वर्षे, म्हणजे मेयोच्या आकड्यांनुसार छिद्र बुजवण्याची उरलेली सर्वांत चांगली वर्षे, कुणाच्याच वहीत नाहीत. किती माणसे यात असतील? नेमकी मोजणी समोर नसली तरी ढोबळ हिशेब करता येतो. 2011 च्या जनगणनेत लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाखांच्या आसपास होती. त्यात सोळा लाख प्रौढ धरू. हा दोष हजार जन्मांमागे निदान एकात असतो. लहान छिद्रे आपोआप मिटतात आणि काहींवर उपचार झाले असतील म्हणून निम्मे सोडून देऊ. तरी एका जिल्ह्यात आठशे माणसे उरतात. हा अंदाज आहे, पण तो निम्म्याने चुकला तरी चारशे माणसे म्हणजे लहान आकडा नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात 2010 साली जन्मजात हृदयदोष असलेल्या एकूण लोकांत दोन तृतीयांश प्रौढ होते. तिथले बहुतेक लहानपणी उपचार होऊन मोठे झाले. आपल्याकडे अनेकजण निदानाशिवायच मोठे झाले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्या ग्रामीण रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील याची शाश्वती नाही, तिथे हजारात एकाला असणारा आजार शोधत बसायचे का? साथीच्या काळात आधी डेंग्यू पाहायचा की हृदयाचा पडदा? घरोघर जाऊन टू-डी इको करा असे कुणी म्हणत असेल, तर हा आक्षेप पूर्ण मान्य. पण त्याची गरज नाही. जिथे माणूस आधीच दवाखान्यात आलेला आहे, तिथेच एक पाऊल जास्त टाकायचे आहे. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांना डॉक्टर तपासतात. गरोदरपणात शरीरातले रक्त जवळजवळ निम्म्याने वाढते, त्यामुळे दबलेला दोष या काळात वर येतो. अनेकींसाठी छातीला स्टेथोस्कोप नीट लागण्याची ही शाळेनंतरची पहिलीच वेळ. तिथे दोनच गोष्टी ठरवाव्यात. आवाज ऐकू आला की तो ‘रक्तक्षयाचा असावा’ असे लिहून सोडायचे नाही. हिमोग्लोबिन वाढल्यावर, तीन महिन्यांनी पुन्हा ऐकायचे. आवाज किंवा दम तरीही राहिला असेल तर कार्डिओग्राम, आणि त्यात उजव्या बाजूचा विशिष्ट बदल दिसला, की लातूरला इको. दम फार असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर तीन महिने थांबायचेच नाही. यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवे पद लागत नाही. आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात, त्यात दम लागतो का असा प्रश्न आहेच. ‘हो’ या उत्तराची वाट आज छातीच्या क्षयाकडे आणि दम्याकडे जाते, ती हृदयाकडेही जायला हवी. मुलांच्या बाबतीत अशी एक जागा भरतीच्या मैदानावर आहे. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्याने इथल्या तरुणांना भरतीचे वेड नवे नाही. वैद्यकीय तपासणीत हृदयाचा आवाज वेगळा निघाला की उमेदवार अपात्र ठरतो आणि निराश होऊन घरी येतो. नोकरी गेल्याचे दुःख मोठे असते, पण त्या कागदावर कदाचित त्याच्या आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे निदान लिहिलेले असते, हे त्याला सांगणारा कुणीतरी हवा.

पैशाचे काय? इथे परिस्थिती लोक समजतात त्यापेक्षा बरी आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होते. लातूरसह उरलेले जिल्हे नोव्हेंबर 2013 मध्ये आले. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि कुटुंबामागचे वर्षाचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. छिद्र छत्रीने बुजवण्याचा उपचार या योजनेत बसतो, आणि त्याला अठराची अट नाही. म्हणजे राज्याने उपचाराचा खर्च मान्य केला आहे, शोधाचा मात्र नाही. साधने बहुतांशी परदेशी असल्याने महाग पडतात हे खरे. म्हणून एक बातमी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेबरोबर निटिनॉलची छत्री विकसित केली, आणि 2020 मध्ये तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या बायोराड मेडिसिसला देण्याचा करार केला. मग प्रत्येक जिल्ह्यात हे काम सुरू करावे का? माझ्या मते नाही. छत्री बसवणारा हात सरावाचा हवा, आणि वर्षाकाठी मोजके रुग्ण येणाऱ्या ठिकाणी सराव होत नाही. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेतून लातूरला अतिविशेषोपचार रुग्णालय उभे राहिले आहे. तिथे निदान आणि नंतरची देखरेख भक्कम करावी, आणि अवघड रुग्ण मोठ्या केंद्राकडे न्यावेत.

तिसरा आक्षेप डॉक्टरांवरच्या अविश्वासाचा आहे, आणि तो निराधार नाही. योजनेचे पॅकेज आहे म्हणून नको त्यालाही छत्री बसवली जाईल, ही भीती लोक उघड बोलतात. यावर उपाय निकष ठाऊक असणे हाच. छिद्र आहे एवढ्यावर ते बुजवायचे नसते. उजवा भाग फुगलेला हवा, फुप्फुसाकडे जाणारे रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या साधारण दीडपट तरी हवे. पडद्याच्या मधल्या भागातले छिद्रच छत्रीला योग्य असते, कारण चकत्यांना धरायला चारी बाजूंनी काठ लागतो. झडपांलगतच्या किंवा मोठ्या शिरेच्या तोंडाशी असलेल्या छिद्रांना शस्त्रक्रियाच लागते. तीही आता अनेक ठिकाणी उजव्या कुशीतल्या छोट्या छेदातून होते, हाड न कापता. म्हणून घशातून नळी घालून केलेला इको आधी झाला का, काठ मोजले का, हे नातेवाइकांनी विचारावे. छत्रीचेही धोके आहेत. ती क्वचित निसटते, आणि फार क्वचित, हजारात एक ते तीन जणांत, शेजारच्या भिंतीला घासून जखम करते. वयस्क रुग्णात ताठरलेल्या डाव्या कप्प्याला छिद्र ही सुटकेची वाट झालेली असते. ती एकदम बंद केली तर फुप्फुसात पाणी भरू शकते, म्हणून आधी फुग्याने तात्पुरती बंद करून पाहतात. गावी परतलेल्या रुग्णाला अचानक छातीत दुखले, चक्कर आली, तर जवळच्या डॉक्टरला ‘माझ्या हृदयात छत्री आहे’ हे सांगता आले पाहिजे. डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. त्यावर मराठीत चार ओळी लिहायला काय हरकत आहे?

आणि ज्यांच्यासाठी फार उशीर झाला, ते. वर्षानुवर्षांच्या जादा प्रवाहाने काहींच्या फुप्फुसातल्या वाहिन्या जाड आणि अरुंद होतात, उजवीकडचा दाब डावीकडच्याएवढा होतो, आणि प्रवाह उलटतो. ओठ आणि नखे निळसर होतात. वरच्या पडद्याच्या दोषात हे थोड्यांच्याच वाट्याला येते, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या मोठ्या छिद्रात जास्त आणि लवकर. अशा वेळी छिद्र बुजवणे जीवघेणे असते, कारण तेवढीच एक वाट शरीराला तगवून धरत असते. या लोकांना ‘आता काही करता येत नाही’ असे सांगून घरी पाठवले जाते, तेही चूक आहे. सिल्डेनाफिल, बोसेंटान यांसारख्या गोळ्यांनी त्यांचा दम कमी होतो. अंगातले पाणी कमी होऊ न देणे, उगाच रक्त काढू न देणे, ही साधी पथ्ये त्यांना कुणीतरी समजावून द्यावी लागतात, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर फारच. आणि अशा बाईला गरोदरपण प्राणघातक ठरू शकते. जुन्या नोंदींत अशा गरोदर स्त्रियांतल्या तीस ते पन्नास टक्के दगावल्याचे दिसते. तिच्यासाठी योग्य गर्भनिरोधक निवडणे, आणि ते का हवे हे नवऱ्याला व सासूला समोर बसवून सांगणे, हे काम मुंबई-पुण्याच्या कॅथलॅबमध्ये होणार नाही. ते चाकूरच्या दवाखान्यातच होऊ शकते, आणि त्यासाठीही ती बाई आधी सापडावी लागते.